कुंकवात बुडालेलं लायसन

आमच्या ट्रकचे क्लिनर माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे होते, आणि लायसन कशाकशानं जातं या विषयात त्यांचा हात धरणारा सबंध नगर जिल्ह्यात कुणी नव्हता. कारण त्यांचं स्वतःचं गेलेलं होतं.

मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला देवा म्हणायचे. मी फार देवमाणूस होतो म्हणून नव्हे, भिक्षुकाच्या घरातला होतो म्हणून. साल एकाहत्तर, माझं वय तेवीस. वडील केडगावात पूजा सांगायचे, आजोबांनी तेच केलं, पणजोबांनीही तेच. मॅट्रिक होऊन मीही वडिलांच्या मागे पळी-पंचपात्र घेऊन हिंडत होतो. पण एका नव्या ट्रकच्या पूजेला गेलो असताना मालकानं गंमत म्हणून मला आत बसवलं, मी हॉर्न दाबला, आणि चार पिढ्यांची भिक्षुकी तिथल्या तिथे संपली. काय तो आवाज! माझ्या एका अंगठ्यानं केडगावातली सगळी कुत्री उठून उभी राहिली. वर्षभरात मी त्याच मालकाचा ड्रायव्हर झालो. आईनं दोन दिवस बोलणं टाकलं. वडील मात्र म्हणाले, "असू दे. सारथ्य भगवंतानंही केलंय."

मिरजगावच्या बाजारात ज्वारीची, कांद्याची पोती भरायची आणि नगरला आणून उतरवायची, हे आमचं काम. मिरजगाव सोडलं की मामा तंबाखू मळायला घेत आणि सुरू होत.

"देवा, लायसन जायला लई वाटा हायेत. पिऊन चालीवली, गेलं. मालाच्या गाडीत मान्सं भरली, येकदा दंड, दोनदा दंड, तिसऱ्या बारीला गेलं. आपलं लायसन दुसऱ्याला वापराय दिलं, दोगांचंबी गेलं. मिरगी येती आन् ती लपीवली, गेलं. डोळं अधू झालं तर सायेब म्हनतो, बाबा, पाटी वाच. न्हाई वाचली, गेलं."

"आणि तुमचं कशानं गेलं, मामा?"

"म्होरं बघ. बैलगाडी हाय."

मी पुढे बघायचो. रस्ता रिकामा असायचा. वर्षभरात मी हा प्रश्न वीस वेळा विचारला असेल आणि वीसही वेळा पुढे बैलगाडी आली, जी मला एकदाही दिसली नाही.

तेव्हाचं लायसन म्हणजे जाड पुठ्ठ्याचं एक छोटं पुस्तक असायचं. पहिल्या पानांवर फोटो, नाव-गाव, कुठली गाडी चालवायची परवानगी आहे ते. मागची पानं कोरी. मला आपलं वाटायचं, थोरामोठ्यांच्या सह्या घ्यायला ठेवली असतील. मामांनी डोळे उघडले. ती पानं कोर्टासाठी होती. तुम्ही गुन्हा केला की न्यायाधीश दंड तर करणारच, वर त्या पानावर शेराही मारणार. पुढच्या वेळी पकडलात की आधी ते पान उघडलं जाणार, आणि शेऱ्यावर शेरा चढला की लायसन काही महिने, नाहीतर कायमचं जमा.

"कोरी पानं कोरीच ऱ्हायली पायजेत, देवा. आपली शाळा उलटी हाय. जेवडं कमी लिव्हलं तेवडा मानूस हुशार."

मी हुशार नव्हतो हे लवकरच कळलं.

झालं होतं असं, की देवळासमोरून दोन्ही हात न जोडता पुढे जायचं मला जमतच नव्हतं. लहानपणापासूनची सवय. वडिलांचं बोट धरून चालताना देऊळ आलं की बोट सुटायचं आणि दोन्ही हात छातीशी यायचे. सायकल शिकलो तेव्हा या सवयीपायी मी किती वेळा गटारात गेलो याची मोजदाद नाही. आणि आता ट्रक! मिरजगाव ते नगर रस्त्याला देव किती? प्रत्येक गावाच्या वेशीवर मारुती, शेताच्या बांधावर म्हसोबा, टेकाडावर भैरोबा, मध्येच एखादा पीर. त्याला वगळलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून त्यालाही नमस्कार.

यावर मी आणि मामांनी मिळून एक पद्धत बसवली होती. देऊळ दिसलं की मी ओरडायचो, "मामा!" मामा डावीकडून सरकून उजव्या हातानं स्टिअरिंग धरायचे. मी दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, मान लववून नमस्कार करायचो आणि पुन्हा स्टिअरिंग ताब्यात घ्यायचो. सगळं मिळून तीन सेकंदांचं काम. इतकं सफाईनं चालायचं की सांगता सोय नाही! मामा म्हणायचे, "देवा, पुन्य निम्मं माजं." मी म्हणायचो, "घ्या ना."

मग एके दिवशी नगरात माळीवाड्याला शिरताना पोत्यांवरचा दोर सैल झाला म्हणून मामा खाली उतरले. "चाल म्होरं हळूहळू, मी मागनं येतो," म्हणाले. मी हळूहळू निघालो. समोर माळीवाड्याचा गणपती. सवयीनं ओरडलो, "मामा!" दोन्ही हात जोडले. डोळे मिटले. मान लववली.

मामा पन्नास पावलं मागे दोर आवळत होते.

डोळे उघडले ते एका आवाजानं. चुर्र, कड, कड, आणि मग टण्ण. ट्रकचं पुढचं चाक चौकातल्या हवालदारांच्या सायकलवर चढलं होतं. हवालदार सायकलपासून चार हातांवर शिट्टी तोंडात धरून उभे होते, पण शिट्टी वाजत नव्हती. त्यांचे डोळे सायकलीवर होते. तिची चाकं ताटलीसारखी सपाट झालेली, आणि घंटी तेवढी शाबूत. ती टण्ण वाजली होती.

"सायकल माझी," हवालदार शेवटी म्हणाले. इतक्या हळू आवाजात पोलीस बोलला की घाम फुटतो.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गाडी चालू असताना तुमचे दोन्ही हात कुठे होते?"

"गणपतीकडे, साहेब."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. चौकात त्या सायकलीच्या जागी माणूस असता तर काय झालं असतं, एवढंच त्यांनी विचारलं. दंड झाला. मग त्यांनी माझं पुस्तक मागवलं, निळ्या शाईचं पेन उघडलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर तिरप्या, सुबक अक्षरात शेरा लिहिला. "पुन्हा असं काही दिसलं तर हे पुस्तक परत मिळणार नाही," म्हणाले. बाहेर मालक उभा. तो म्हणाला, "दुसरा शेरा आला त्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या हातात. मंग तू आन् तुजी पळी." मला हॉर्न आठवला.

त्या दिवसापासून मी सुधारलो. दोन्ही हात सोडणं बंद. एकच सोडायचो.

मग आली खंडेनवमी. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याची त्या दिवशी पूजा. मालकाच्या अंगणात ट्रक धुऊन उभा केला, बॉनेटला झेंडूची माळ घातली. पाटावर जॅक, पाने, टॉमी, टायरात हवा भरायचा पंप असं सगळं मांडलं. पूजा सांगायला अर्थात वडील. हत्यारांवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, "तुझं मुख्य हत्यार कुठंय?"

"कुठलं?"

"ज्याच्यावाचून बाकीच्या सगळ्याचा काही उपयोग नाही ते."

मी अभिमानानं खिशातून लायसन काढलं आणि पाटावर ठेवलं. वडिलांनी ते हातात घेतलं. पोथी असो की पुस्तक, ते बंद ठेवून पूजा करायची नाही, हा त्यांचा कडक नियम. त्यांनी ते उघडलं. कोर्टात इतक्या जणांनी तेच पान उघडून बघितलं होतं की शिवण तिथेच सैल झाली होती, त्यामुळे उघडलं तेही नेमकं तेच पान. वडिलांना जवळचं दिसत नसे. त्यांनी भक्तिभावानं त्यावर गंध लावलं, चिमूटभर हळद, दोन चिमटी कुंकू, अक्षता, एक झेंडू, आणि मग मंत्र म्हणत आंब्याच्या पानानं भरपूर पाणी शिंपडलं. आमच्या वडिलांचा हात पाण्याच्या बाबतीत फार सढळ.

आरती झाली. प्रसाद झाला. मी फूल उचललं आणि पाहतो तर शेरा नाही!

जिथे निळी तिरपी अक्षरं होती तिथे एक सुंदर गुलाबी-जांभळा डाग होता. सूर्योदयाच्या वेळी आभाळ असतं तसा. न्यायाधीश, दंड, सायकल, गणपती, सगळं विरघळून गेलं होतं. मी धावत घरी जाऊन आईला दाखवलं. आईनं पान डोळ्यांजवळ नेलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, "देवीनं धुऊन टाकलं हो!"

तुम्ही हसाल, पण मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, अंगावर रोमांच आले. मी केडगावच्या देवीला जाऊन नारळ फोडला. मग चहाच्या टपरीवर जाऊन जमलेल्या ड्रायव्हर लोकांना ते पान दाखवत सुटलो. "बघा! देवीनं स्वतः!" दोघांनी पानाला हात लावून नमस्कार केला. मामा तेवढे तंबाखू मळायचे थांबले. पान बघून त्यांचा चेहरा उतरला.

"देवा, हे कुनाला दावू नगं."

"का? गेला ना शेरा!"

"शेरा गेला न्हाई. शेरा खोडलाय, आसं दिसतंय. शेरा आसला तर लायसन ऱ्हातं. खोडला तर जातं. ही समद्यात मोटी वाट."

"मग आधी का नाही सांगितली ही वाट?"

"आरं, कोन येडा आसं करील, आसं वाटलं हुतं मला!"

चारच दिवसांनी माळीवाड्याच्या चौकात शिट्टी वाजली. तेच हवालदार. शेजारी झाडाला टेकवलेली नवी कोरी सायकल, हिरवी, मडगार्डला लाल रबर. मी लायसन दिलं. त्यांनी ते सवयीनं मागून उघडलं. बघत राहिले. उलटंसुलटं केलं. उजेडाकडे धरलं.

"माझा शेरा कुठाय?"

"तुमचा?"

"माझा नाही तर कुणाचा? माझी सायकल गेली त्याच्यावर!"

"तो देवीनं..." मी सुरुवात केली आणि मागून मामांनी माझ्या पाठीत अशी कोपरखळी मारली की देवी घशातच राहिली. पण व्हायचं ते झालं होतं. हवालदारांनी पावती फाडून हातात ठेवली आणि लायसन खिशात घातलं. कोर्टाचा शेरा नाहीसा केल्याचा आरोप. वाहन खात्याचे साहेब आठवड्यातून एकदा नगरात यायचे, त्यांच्यापुढे सुनावणी. गाडीसह हजर राहायचं. मालकानं चुलतभावाला पाठवून ट्रक केडगावला नेला आणि मला म्हणाला, "सुनावनीत काय हुतंय बगू. गेलं तर गेलं." अंगणात उभ्या असलेल्या त्या ट्रकजवळ मी रोज जायचो. हॉर्नला हात लावायचीही हिंमत होत नव्हती.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी, मामा, आणि "पूजा मी सांगितली, साक्ष मी देणार" म्हणत पळी-पंचपात्राची पिशवी घेतलेले वडील. चुलतभावानं ट्रक त्या सरकारी आवारात आणून लावला आणि तो आपल्या कामाला गेला. आवार रस्त्यापेक्षा उंचावर होतं, फाटकातून चढ चढून आत यायचं. फाटकाशी एक कडुलिंब होता. वडील आत कारकुनाला आधीच काहीबाही समजावत होते. मी आणि मामा व्हरांड्यातल्या बाकावर. माझ्या पाचावर धारण बसली होती.

"गेल्यावर काय देतात हो, मामा?"

मामांनी डोक्याची टोपी काढली, अस्तरात हात घातला आणि चौघडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. घामानं पिवळा पडलेला. "आसा कागुद देत्यात," म्हणाले. "नऊ वरसं झाली. कुनाला दावला न्हाई. रुईछत्तिशी गावाच्या म्होरं येका बैलगाडीला धक्का दिला मी. गाडीवान पडला, हात मोडला त्याचा. लोक धावत आलं, मला वाटलं ठार मारत्यात. गाडी न थांबवता निगालो. दोन दिसांनी माजा मीच चौकीत गेलो. धक्का दिला त्याचं येवडं न्हाई, देवा. थांबलो न्हाई, त्याचं गेलं."

म्हणजे रस्त्यात पुढे खरंच बैलगाडी होती. मला दिसत नव्हती एवढंच.

कागद इंग्रजीत होता. मी वाचला. पुन्हा वाचला. "मामा, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?"

"कोर्टाबाहेर येकानं इचारलं, गेलं का? मी म्हनलं, गेलं. तो म्हनला, मंग गेलं. आजून काय वाचायचं?"

"अहो मामा, हे एका वर्षासाठी होतं! एक वर्ष! आठ वर्षांपूर्वीच संपलंय!"

मामांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि टोपीत ठेवला. "थट्टा करू नगं," म्हणाले. तेवढ्यात आतून माझ्या नावाचा पुकारा झाला.

साहेब पुण्याचे. चष्मा, कडक इस्त्री, समोर माझं लायसन ते गुलाबी पान उघडून ठेवलेलं. शेजारी हवालदार ताठ उभे.

"शेरा का पुसलास?"

"मी नाही पुसला, साहेब. पूजेत गेला."

"रोज नवीन कारण ऐकतो मी. उंदरानं खाल्लं, बायकोनं धुतलं. पूजा पहिल्यांदाच."

"साहेब," वडील पुढे झाले, "कागद द्या एक. आणि तुमचं पेन."

साहेबांना का कुणास ठाऊक, गंमत वाटली. त्यांनी दिलं. वडिलांनी कागदावर मोठ्ठं श्री लिहिलं, तो टेबलावर ठेवला, पिशवीतून तबक, हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता काढल्या, आणि त्या सरकारी खोलीत यथासांग पूजा सुरू केली. आवाज खणखणीत. कारकून नकळत उठून उभा राहिला. बाहेर नंबर लावून बसलेले चार ड्रायव्हर दारात जमले. वडिलांनी पाणी शिंपडलं, ते साहेबांच्या चष्म्यावरही गेलं. मग त्यांनी अलगद फूल उचललं. श्री गायब! जागेवर गुलाबी-जांभळा डाग, हुबेहूब माझ्या पानावरचा!

दारातून कुणीतरी म्हणालं, "आयला!"

साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला. दोन्ही डाग शेजारी ठेवून पाहिले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "ठीक. मुद्दाम पुसलेला नाही, हे मला पटलं." माझा जीव भांड्यात पडला. पडतो न पडतो तोच साहेब म्हणाले, "शेरा कशाचा होता?"

"दोन्ही हात सोडून गाडी चालवल्याचा, साहेब," हवालदार म्हणाले. "देऊळ दिसलं की सोडतो."

"अजून सोडतो?"

मी तोंड उघडायच्या आत वडील उत्तरले. ते आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "छे छे! आता एकच सोडतो."

साहेब उठले. "चल. गाडी काढ. इथून केडगाव आणि परत. एकदा जरी हात स्टिअरिंगवरून देवासाठी सुटला, तर हे पुस्तक माझ्याकडेच राहील. आणि कायमचं."

"केडगावला चाललाच आहात, तर मला घरी सोडा," वडील म्हणाले आणि ट्रकमध्ये चढून मध्ये बसलेसुद्धा.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. डावीकडे खिडकीशी साहेब, मध्ये वडील, आमच्या सीटमागच्या फळीवर मामा. स्टिअरिंग मी असं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली. पहिल्याच वळणावर गणपती! आणि वडील, ज्यांना साहेबांची अट ऐकू आली होती, समजलीही होती, पण सवयीपुढे ज्यांचं काही चालत नव्हतं, ते मोठ्यानं म्हणाले, "गणपती आला रे!" आणि हात जोडले. माझा उजवा हात आपोआप उचलायला लागला. मागून मामांनी सदऱ्याची कॉलर अशी ओढली की गळाच आवळला. हात खाली. गणपती मागे गेला. मी मनात म्हणालो, गणराया, आज फक्त मनातून.

"महादेव आला रे!"

कॉलर!

"मारुती..."

"बाबा, गप्प बसा ना!"

"देवाचं नाव घेतोय, शिवी नाही देत."

घामानं सदरा चिकटला होता. साहेब समोर बघत होते, पण त्यांच्या डोळ्याचा कोपरा माझ्या हातांवर होता. केडगावची देवी आली, तेव्हा मी दातांत जीभ धरली. नारळ फोडला होता तिला! एवढं धुऊन दिलं तिनं! आणि आज साधा नमस्कार नाही! डोळ्यांत पाणी आलं, पण हात हलला नाही. देवीसमोर वडील उतरले, मागे वळून म्हणाले, "तुझा नमस्कार मी घालतो," आणि देवळाकडे चालू लागले.

परत येताना तेच सगळे देव उलट्या क्रमानं. आता सांगणारं कुणी नव्हतं, तरी प्रत्येक देऊळ मला दोन फर्लांगांवरून बोलावत होतं. मारुती गेला. महादेव गेला. गणपती गेला! एकही हात सुटला नाही! मला ओरडावंसं वाटत होतं. आवाराचा चढ मी दुसऱ्या गियरमध्ये असा झोकात चढवला की कडुलिंबावरचे कावळे उडाले. खोलीसमोर चढावरच गाडी उभी केली, पायानं ब्रेक दाबून ठेवला, इंजिन बंद केलं. साहेब खाली उतरले, बॉनेटसमोर आले, माझं पुस्तक वर धरलं आणि पहिल्यांदाच हसून म्हणाले, "उत्तम. घेऊन जा."

काय सांगू तुम्हाला! तो क्षण! त्या घडीला जगात माझ्या दृष्टीनं एकच देव होता, आणि तो चष्मा लावून ट्रकसमोर उभा होता. मी सीटवरून अर्धा उठलो, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि मान लववली.

उठताना ब्रेकवरचा पाय उचलला गेला. हँडब्रेक ओढायचा राहिलाच होता.

जमीन हलतेय असं वाटलं. मला वाटलं, हा आशीर्वाद. मग मामांचा आवाज आला, "ब्रेक! आरं ब्रेक, देवा, ब्रेक!" डोळे उघडले तर साहेब लहान लहान होत चालले होते. मी ब्रेकवर नाचलो. ट्रक थांबला. पण त्याआधी मागून आवाज झाला. चुर्र, कड, कड, आणि मग टण्ण.

कडुलिंबाला टेकवलेली ती हिरवी नवी सायकल होती.

हवालदार खोलीतून बाहेर आले. व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. साहेब उतारानं खाली आले, खिडकीशी उभे राहिले.

"दोन्ही हात कुठे होते?"

"तुमच्याकडे, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, पायरीवरच्या हवालदारांकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. पण वळले तेव्हा चेहरा इस्त्रीसारखा होता. "मागे कुणी उभं असतं तर मी कायमचं काढून घेतलं असतं. तीन महिने. आणि या तीन महिन्यांत हँडब्रेक म्हणजे काय ते पाठ कर." त्यांनी पेन उघडलं, त्या गुलाबी डागाखाली शेरा लिहिला आणि पुस्तक स्वतःच्या खिशात ठेवलं.

तीन महिने! मालकाचा चुलतभाऊ शेती सोडून गाडी चालवणार नव्हता. मालक दुसरा ड्रायव्हर आणणार, मग तो जाणार थोडाच? माझं हॉर्नचं जग संपलंच. मी खाली उतरलो आणि तेव्हा मामांची टोपी दिसली. मी ती त्यांच्या डोक्यावरून सरळ उचलली.

"ए देवा! काय करतुयास?"

अस्तरातला कागद काढून साहेबांपुढे धरला. साहेबांनी वाचला, तारीख पाहिली, मामांकडे पाहिलं.

"हे वर्ष तर कधीच संपलं. इतकी वर्षं कुठे होतास?"

मामा टोपी नसलेल्या डोक्याला हात लावून म्हणाले, "किलिनर हुतो, सायेब."

"पुढच्या आठवड्यात ये. नव्यानं ट्रायल दे. डोळे चांगले आहेत का?"

"त्या झाडाची पानं मोजू का?"

पुढच्या आठवड्यात त्याच चढावर मामांनी ट्रक असा अलगद थांबवला की बॉनेटवर ठेवलेला पेला हलला नसता. आधी हँडब्रेक ओढला. कर्रर्र आवाज मुद्दाम मला ऐकू जाईल असा. मग इंजिन बंद केलं, मग साहेबांना नमस्कार. नवं पुस्तक हातात पडलं तेव्हा त्यांनी कोरी पानं एकेक करून उलटून बघितली, सगळी कोरी आहेत ना म्हणून, आणि बाकावर बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिले. खाल्ली नाही.

ते तीन महिने मामा ड्रायव्हर आणि मी क्लिनर. पोती मोजायची, दोर आवळायचे, चाकांमागे दगड लावायचे. दगड मी दोन दोन लावायचो. मालकानं बघितलं आणि हसला. माळीवाड्याच्या चौकात हवालदार आता सायकल साखळीनं विजेच्या खांबाला बांधून ठेवत; आम्ही दिसलो की ते स्वतः जाऊन तिच्यापुढे उभे राहत.

मिरजगावहून निघालो की पहिला मारुती यायचा. मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर पुढे. माझे हात मोकळे. एवढे मोकळे हात मला ट्रकमध्ये कधी मिळालेच नव्हते.

"देवा," मामा समोर बघत म्हणायचे, "माजाबी घाल रं."

मी दोन घालायचो.